आइस हॉकीत बचावपटूच्या नावावर फारसे गोल नसतील, तर त्याची कारकीर्द मोठी कशी ठरते?

निकलास लिडस्ट्रॉमकडे बघा. स्वीडनच्या या खेळाडूला डेट्रॉइट रेड विंग्ज या अमेरिकी संघाने १९८९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेऱ्यांत, पार ५३ व्या क्रमांकावर घेतलं. १९९१ पासून २०१२ मध्ये निवृत्त होईपर्यंत एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये तो याच एका संघाकडून खेळला. साखळीचे १५६४ सामने, गोल २६४, असिस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या गोलसाठी दिलेले पास, मात्र ८७८!

माझ्या मते खरा महत्त्वाचा आकडा वेगळाच आहे. फाउल केला की खेळाडूला बहुतेक वेळा दोन मिनिटं बाहेर बसवतात आणि तेवढा वेळ संघ एका माणसाने कमी पडतो. समोरच्याला अडवणं हेच बचावपटूचं काम, त्यामुळे ही शिक्षा त्याच्या वाट्याला हमखास येते. लिडस्ट्रॉमची अशी शिक्षा अख्ख्या कारकिर्दीत ५१४ मिनिटं, म्हणजे सामन्यामागे जेमतेम २० सेकंद. धडका देण्यापेक्षा योग्य जागी उभं राहायचं, स्टिक मध्ये घालून पास तोडायचा आणि पक (खेळातली रबरी चकती) लगेच आपल्या फॉरवर्डकडे सरकवायचा, ही त्याची पद्धत. टीव्हीवर हे फारसं नजरेत भरत नाही, हेही खरंच.

सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी त्याला सात वेळा मिळाली. पहिली तिशी उलटल्यावर, शेवटची ४१ व्या वर्षी. शिवाय चार स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलची विजेतेपदं. आधीच्या पिढीतला बचावपटू बॉबी ऑर याच्याकडे आठ नॉरिस आहेत, त्याही सलग, आणि निव्वळ प्रतिभेत तो सरसच. पण गुडघ्यांनी दगा दिला आणि तिशीतच त्याला थांबावं लागलं.