नाताळची सहल आणि दुपारी चारचं रडणं

"तीन वर्षांचा मुलगा बाहेर नेला की हमखास थयथयाट करतो. आमचे लाडच नडतायत का?" डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांचा हा ठरलेला प्रश्न. इथलं कुटुंब डोंबिवलीचं. ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत. आई-बाबा दोघंही नोकरी करणारे, सहा वर्षांची मुलगी, तीन वर्षांचा मुलगा आणि आजी. एरवी सुट्ट्या जुळत नाहीत, म्हणून २५ डिसेंबरचा अख्खा दिवस मुलांसाठी ठेवला होता. सकाळी राणीची बाग, दुपारी मॉलमध्ये सांताक्लॉजबरोबर फोटो, संध्याकाळी वांद्र्याला हिल रोडची रोषणाई.

सांताच्या मांडीवर बसवताच धाकटा किंचाळला आणि फरशीवर लोळायला लागला. बाबांनी एक चापट दिली. आईला रडू फुटलं. आजी म्हणाल्या, "आमच्या वेळी मुलं अशी नव्हती." हिल रोड राहून गेला आणि घरी पोहोचेपर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही.

पहिल्या भेटीत सल्ला दिला नाही. एका कागदावर तीन रकाने आखून घेतले: घड्याळाची वेळ, तेव्हा धाकटा काय करत होता, आणि रोज त्या वेळी तो काय करतो. कागद भरत गेला तसा बाबांचा आवाज खाली येत गेला. रोज साडेसातला उठणाऱ्या मुलाला पावणेसहाला उचलून आंघोळ घातली होती. साडेसहाला दूध-बिस्किट. त्यानंतर पेंग्विनच्या रांगेत पाऊण तास, मग आइस्क्रीम आणि वेफर्स. रोज साडेबाराला वरण-भात जेवणारा मुलगा त्या दिवशी पावणेतीनला जेवला, कारण हॉटेलात सुट्टीची गर्दी होती. रोजची झोप दीड ते तीन. त्या दिवशी टॅक्सीत जेमतेम पंधरा मिनिटं डोळा लागला, तोच मॉल आला म्हणून जागं केलं. आणि चार वाजता सांता.

तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दिवसाला १० ते १३ तास झोप लागते. सकाळची पावणेदोन तास आणि दुपारची सव्वा तास, अशी मिळून तीन तासांची झोप बुडाली होती. जेवण सव्वादोन तास लांबलं होतं. या वयात मनाला आवर घालण्याची ताकद आधीच तोकडी असते आणि भूक व झोप मिळून ती पार संपवतात. चारचं रडणं दुपारी दीडलाच ठरून गेलं होतं. लाडांचा इथे संबंधच नव्हता.

सांताचं कारण वेगळं. दोन ते चार वर्षांची पुष्कळ मुलं वेशातल्या माणसाला घाबरतात. मूल समोरच्याचा अंदाज त्याच्या तोंडावरून घेतं. कापसाच्या दाढीमागे तोंडच झाकलं गेलं की हा माणूस हसतोय की रागावलाय, हे त्याला कळायला मार्ग नसतो. त्यात आपलंच माणूस त्याला उचलून त्या अनोळखी मांडीवर ठेवतं आणि चार पावलं मागे जाऊन मोबाइल धरतं! दहा-पंधरा फुटांवर थांबावं, दुसरी मुलं कशी जातात ते त्याला पाहू द्यावं. त्याने टाटा केला तरी पुरे. जवळ जायचंच असेल तर आईच्या कडेवरून. नको म्हणाला, तर तिथेच विषय संपवावा. फोटो पुढच्या वर्षी निघतो.

कागदात एक गोष्ट आई-बाबांना दिसली नव्हती. "ताईला दिवसभरात काय काय सांगितलं?" असं विचारल्यावर आईने आठवून आठवून मोजलं. "तू मोठी आहेस ना, समजून घे" हे वाक्य सात वेळा निघालं होतं. बागेत तिला माकडं बघायची होती. पेंग्विनच्या रांगेत वेळ गेला म्हणून माकडं बघायची राहून गेली. रात्री तिचं पोट दुखलं, तेव्हा सगळ्यांनी आइस्क्रीमला दोष दिला. सहा वर्षांची मुलगी मोठी नसते, फक्त धाकट्यापेक्षा मोठी असते. घरात रडण्याची जागा एकाने अडवली की दुसरं मूल गप्प होतं आणि मग पोट बोलतं. याची काळजी धाकट्याच्या किंचाळण्याइतकीच घ्यायला हवी होती.

मुलीला नाताळचे दिवे बघायचेच होते. चर्चमधले येशूजन्माचे देखावे आणि बाहेरचे कागदी तारे बहुतेक ठिकाणी ६ जानेवारीपर्यंत, म्हणजे तीन राजांच्या सणापर्यंत असतात. त्यामुळे घाई नव्हती. दुसऱ्या सहलीसाठी वांद्र्याऐवजी जवळचं ठाणं ठरलं: तलावपाळीजवळचं सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च, तिथला देखावा, मग तळ्याकाठी एक फेरी. निघायचं झोप झाल्यावर, साडेचारला. साडेसहापर्यंत अंधार पडतो, दिवे दिसतात, आणि सातच्या आत परतीची गाडी. मुद्दाम असं ठरवलं, की मुलं अजून खुशीत असतानाच निघायचं. "अजून थोडा वेळ" हाच घात करतो.

पिशवीत दोन पोळ्यांचे तुपसाखर रोल, दोन केळी, पाण्याची बाटली, धाकट्यासाठी एक कपड्यांचा जोड, एक पातळ ओढणी. ओढणीचा उपयोग गर्दीत उजेड अडवायला होतो. शिवाय गर्दीसाठी दोन कामं. निघताना दोन्ही मुलांचा त्या दिवसाच्या कपड्यांतला फोटो काढायचा आणि बॉलपेनने दंडावर आई किंवा बाबांचा मोबाइल नंबर लिहायचा. ताईला सांगून ठेवायचं, "हात सुटला तर जिथे आहेस तिथेच उभी राहा, आम्ही मागे येतो." मूल शोधत फिरलं की चुकामूक वाढते.

धाकटा तरीही रडला. फुगेवाला दिसला, फुगा मिळाला, पाच मिनिटांत फुटला. बाबांनी ठरल्याप्रमाणे त्याला कडेवर घेऊन गर्दीतून बाजूला नेलं, कट्ट्यावर बसवलं, स्वतः उकिडवे बसले. "फुगा फुटला. वाईट वाटलं." एवढंच बोलले. नवा फुगा नाही, "गप्प बस नाहीतर..." नाही, "लोक बघतायत" नाही. आठ मिनिटांत हुंदके थांबले, मग पाणी, मग अर्धा रोल. ती आठ मिनिटं फार लांब वाटली, असं बाबा म्हणाले. वाटतातच. या वेळी मूल काही शिकण्याच्या अवस्थेत नसतं, म्हणून समजावणं घरी गेल्यावर, दुसऱ्या दिवशी. तोपर्यंत ताई आईबरोबर देखाव्यातल्या मेंढ्या मोजत होती. तिची वेळ कापली गेली नाही, हे मुद्दाम सांभाळलं होतं.

सगळंच रडणं मात्र झोपेच्या आणि भुकेच्या खात्यावर टाकू नये. पोट भरलेलं, झोप झालेली असतानाही घरीदारी रोजच असे झटके येत असतील, अर्ध्या तासाने सुद्धा शांत होत नसेल, डोकं आपटणं-चावणं असेल, साध्या आवाजानेही मूल कान दाबून घेत असेल, किंवा हाकेला ओ देणं आणि बोलणं मागे असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.

आजींची खंत वेगळीच होती. "नातवंडांबरोबर बाहेर पडायला मिळतं ते वर्षातून एकदा, तेही असं दोन तासांत आटपायचं?" त्यांचं म्हणणं रास्त होतं. मार्ग त्यांनीच काढला. धाकट्याला घरी बाबांजवळ ठेवून आजी आणि नात, दोघीच पुन्हा राणीच्या बागेत जाणार. बुधवारी बाग बंद असते, म्हणून जानेवारीतला शनिवार. यादीत एकच गोष्ट: माकडं.