रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट दुखतंच: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच घोळ आहे. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, दुर्बिणीतून पाहिलं, सगळं ठीक आहे म्हणतात. मग मला होतंय ते काय? याला आम्ही डॉक्टर फंक्शनल विकार म्हणतो. आतड्याची रचना शाबूत असते, बिघडलेलं असतं ते त्याचं काम. आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, पोट दुखणं आणि शौचाची घडी बिघडणं, हा त्यातलाच एक. पत्रं लांबलचक होती, म्हणून प्रश्न थोडक्यात देतो.

प्रश्न : आयबीएसचा पुढे कॅन्सर होतो का? (मुलुंड)

नाही. मात्र आयबीएस आहे हे डॉक्टरांनी तपासून सांगितलेलं हवं, स्वतःच ठरवलेलं नको.

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे. दादरचा पूल चढताना छातीत गॅस भरतो, थांबलं की उतरतो. रोज सोडा घेतात. कुठली गोळी द्यावी? (माहीम)

गोळी नको. आजच ईसीजी काढा आणि हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. चढताना भरणारा आणि थांबल्यावर उतरणारा ‘गॅस’ हा हृदयाचा त्रास आहे असं धरूनच चालायचं, तो नाही हे सिद्ध होईपर्यंत. पुन्हा भरला आणि बसूनही उतरला नाही, घाम फुटला, तर ओपीडीची वाट न बघता थेट इमर्जन्सीत न्या. पोटाचं नंतर बघू.

प्रश्न : वय ३४. विरारहून सकाळची फास्ट पकडतो. घरून निघेपर्यंत तीन वेळा जावं लागतं, तरी बोरिवलीच्या आसपास मुरडा येतो. लोकलमध्ये सोय नाही. दोनदा मधेच उतरलो. रविवारी त्रास नसतो. हे मानसिक आहे का?

मानसिक हा शब्द आधी बाजूला ठेवू. आतड्याच्या भिंतीत दहा कोटींहून जास्त चेतापेशी आहेत आणि मेंदूशी त्यांचं बोलणं दिवसरात्र चालू असतं. सकाळी चहा-नाश्ता पोटात गेला की मोठं आतडं जोरात हलतं, हे सगळ्यांचंच होतं. तुमचं जास्त हलतं आणि तुम्हाला ते जास्त जाणवतं. त्यात गच्च भरलेल्या डब्यात अडकल्याची धास्ती, म्हणजे आणखी हालचाल. रविवारी धास्ती नाही, म्हणून त्रास नाही. तरीही साधा रक्ताचा हिमोग्राम, थायरॉईड आणि सिलिअॅकची (गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होण्याचा आजार) तपासणी करून घ्या. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्यानेही पातळ होतं. अर्धा तास लवकर उठून नाश्ता घरीच उरकला, तर आतड्याचा तो झपाटा घरच्या घरी होऊन जातो. जुलाब थांबवणारी गोळी प्रवासाआधी घेता येते, पण ती डॉक्टरांनी ठरवून दिलेली हवी. मेडिकलवाल्याला विचारून नको.

प्रश्न : वय २९, लालबाग. दोन वर्षं पोटात कळ येते, कधी पातळ, कधी चार दिवस काहीच नाही. तीन सोनोग्राफ्या नॉर्मल. सासूबाई म्हणतात, कामाचा कंटाळा आहे. आता नवराही तसंच म्हणू लागलाय. मला खरंच काही झालेलं नाही का?

झालेलं आहे. हे उत्तर लांबेल, कारण अशी पत्रं मी सर्वांत जास्त वाचतो आणि दर वेळी वाईट वाटतं.

सोनोग्राफीत खडे दिसतात, गाठ दिसते, सूज दिसते. आतडं नको तेव्हा आवळतंय किंवा साध्या वाऱ्यालाही कळ म्हणून कळवतंय, हे तिच्यात दिसत नाही. १९७३ साली एका संशोधकाने मोठ्या आतड्याच्या खालच्या भागात छोटा फुगा फुगवून पाहिला, तेव्हा जितक्या फुगवण्याने बहुतेक निरोगी माणसांना दुखत नव्हतं तितक्यानेच आयबीएसच्या अनेक रुग्णांना दुखत होतं. दुखणं खरं असतं, तार जास्त ताणलेली असते. कधी ती एखाद्या जोराच्या हगवणीनंतर ताणली जाते. इन्फेक्शन जातं, आतड्याचा हळवेपणा मागे राहतो.

आणि तुम्ही एकट्या नाही. २०२१ मध्ये ३३ देशांतल्या ७३ हजारांवर लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. इंटरनेटवर उत्तरं देणाऱ्यांत दर दहापैकी चौघांना पोटाचा एखादा तरी फंक्शनल विकार होता. भारतासारख्या देशांत घरी जाऊन समोरासमोर विचारलं, तिथे पाचांत एक. पद्धत बदलली की आकडा बदलतो, हे आहेच. पण परक्या माणसासमोर, घरचे ऐकत असताना, शौचाबद्दल कोण मोकळं बोलतं? बायकांत हे विकार पुरुषांपेक्षा जास्त आढळले. ज्यांना ते असतात त्यांचं रोजचं जगणं आक्रसतं आणि दवाखान्याच्या फेऱ्या वाढतात, हेही त्याच पाहणीत दिसलं.

माझ्याकडे चाळीतली एक बाई आली होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत अकरा रिपोर्ट. कळ आली की काय करता, विचारलं, तर तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्यांना बाहेर बसायला सांगितलं. मग म्हणाली, “मजल्यावर दोनच संडास. रांग लागते, मागून दार वाजवतात. म्हणून पहाटे चारला उठते. तेव्हा येत नाही. मग दिवसभर दाबून ठेवते, पाणीच पीत नाही.” अकरा रिपोर्टांत हे कुठेच नव्हतं. आजाराचं निदान तिच्या त्या पाच वाक्यांत होतं.

आयबीएसचं निदान मुळात ऐकून होतं. गेले तीन महिने आठवड्यातून किमान एक दिवस पोट दुखणं, सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची, आणि सोबत या तीनपैकी दोन गोष्टी: दुखण्याचा शौचाशी संबंध, जाण्याच्या वेळा बदलणं, शौचाचं स्वरूप बदलणं. हे बसत असेल आणि धोक्याची खूण (त्या शेवटच्या उत्तरात दिल्या आहेत) नसेल, तर चौथी सोनोग्राफी कुणाचंच भलं करत नाही. उपचार आहेत: इसबगोल, पेटके कमी करणारी औषधं, आणि अॅमिट्रिप्टिलीन अगदी कमी मात्रेत. ही शेवटची मूळची नैराश्यावरची गोळी. चिठ्ठीवर तिचं नाव वाचून घरचे ‘वेड्याची गोळी’ म्हणतात आणि औषध बंद पडतं. इथे ती आतड्याची तार सैल करायला देतात. २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत तिचा उपयोग दिसला आहे. पोटविकारतज्ज्ञांकडे जा आणि नवऱ्याला सोबत न्या. त्यांनी हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकायला हवं.

प्रश्न : रक्ताच्या एका तपासणीत २०० पदार्थांपैकी ४१ ‘वर्ज्य’ निघाले. गहू, दूध, अंडी, डाळी सगळं सोडलं. वजन घटतंय. (अंधेरी)

रिपोर्टवर आयजीजी (रक्तातलं एक प्रतिद्रव्य) लिहिलंय ना? मग तो पैसा वाया गेला. आयजीजी वाढलेलं दिसतं याचा अर्थ तो पदार्थ तुम्ही खाता, इतकाच. तो सोसत नाही असा नव्हे. या तपासण्या पॅकेजमध्ये विकतात याचा मला मनापासून राग येतो, कारण माणसं उपाशी राहतात. कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले यांनी काहींचं पोट गुबारतं हे खरं. त्यासाठी लो फॉडमॅप आहार आहे, म्हणजे आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या आणि वायू करणाऱ्या शर्करा कमी असलेला, ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने पुढे आणलेला. तो चार ते सहा आठवडेच कडक पाळायचा, मग एकेक पदार्थ परत आणून बघायचा. तोही आहारतज्ज्ञांच्या देखरेखीत. आणि हे सगळं आयबीएससाठी. तुमच्या घटत्या वजनाला उपाशीपणाच कारण आहे हे गृहीत धरू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : अकरा वर्षं रात्री चूर्ण घेते, त्याशिवाय पोट साफ होत नाही. आयुर्वेदिक आहे, चालेल ना? (परळ)

डब्यावर सोनामुखी लिहिली आहे का वाचा. बहुधा असेल. ते रेचक आहे, अधूनमधून घेण्याचं. अकरा वर्षांत कारण कुणी शोधलं का? थायरॉईड, लोहाच्या गोळ्या, कमी पाणी, आणि एक कायम दुर्लक्षित कारण: जोर करताना खालचे स्नायू सैल व्हायच्या ऐवजी आवळतात. त्याला चूर्ण लागू पडत नाही, बायोफीडबॅकचा, म्हणजे यंत्रावर स्नायूंचं काम बघत ते सैल करायला शिकण्याचा, सराव लागतो. कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल घ्या. चूर्ण एकदम बंद करू नका, डॉक्टरांना दाखवून हळूहळू बदला.

प्रश्न : वय ५२. मित्राला आयबीएस आहे, लक्षणं सारखीच, म्हणून त्याच्याच गोळ्या चार महिने घेतोय. थोडा फरक आहे. वजन सहा किलो उतरलं, संध्याकाळी कणकण असते. गोळी वाढवू का? (कुर्ला)

गोळ्या बंद करा. वजन उतरणं, ताप, शौचातून रक्त, रक्त कमी होणं, झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीच्या आसपास नव्याने सुरू झालेला त्रास, घरात आतड्याच्या कॅन्सरचा इतिहास: यातलं एक जरी असलं तरी आयबीएस हा शब्द उच्चारायचा नाही. तुमच्याकडे तीन आहेत. आपल्याकडे आतड्याचा क्षय नेमका असाच येतो, क्रोन्सही (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार), कॅन्सरही. क्षय वेळेत सापडला तर औषधांनी बरा होतो. चार महिने गेले, आणखी एक आठवडा घालवू नका. सायन, केईएम, नायर, जे जवळ पडेल तिथे सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. मित्राच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत न्या, आणि संध्याकाळचा ताप आजपासून मोजून कागदावर लिहून ठेवा.