मस्कतला जाताय? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मुलांना सुट्टी मे महिन्यातच असते. तेव्हा गेलो तर चालेल का?

शक्यतो नकोच. मे ते सप्टेंबर पारा सहज चाळिशी ओलांडतो, त्यात समुद्राचा दमटपणा, त्यामुळे रात्री सुद्धा हवा गार होत नाही आणि मुलं हॉटेलच्या एसीतच बसून राहतात. नोव्हेंबर ते मार्च बेस्ट, म्हणजे नाताळची सुट्टी धरा. फक्त रमजान कधी येतोय ते आधी बघून घ्या, त्या महिन्यात दिवसा चारचौघांत खाणंपिणं चालत नाही, पाणीसुद्धा नाही. आणि ओमानमधल्या ज्या हिरव्यागार पावसाळ्याबद्दल ऐकलं असेल, तो दक्षिणेतल्या सलालाह शहराचा, मस्कतपासून हजारेक किलोमीटर लांब.

सासूबाई सोबत आहेत, गुडघे दुखतात, शुद्ध शाकाहारी. तीन दिवसांत जमेल? मेट्रो आहे का?

मेट्रो नाही, आणि गाव डोंगर नि समुद्राच्या मधल्या पट्टीत लांबच लांब पसरलंय, विमानतळापासून मत्रा या जुन्या बंदराच्या भागालाच तीसेक किलोमीटर होतात. म्हणून हॉटेल रुवी या भागात किंवा मत्राला घ्या, रुवीत डोसा-थाळी कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते, आणि फिरायला अ‍ॅपवरची टॅक्सी करा. सुलतान काबूस ग्रँड मशीद सकाळी 8 ते 11 मध्येच बघता येते आणि शुक्रवारी मुस्लिमेतरांना बंद, त्यामुळे प्लॅनची सुरुवात तिथूनच करा. बायकांनी डोकं, हात, पाय पूर्ण झाकायचे, सासूबाईंना साडीवर फुल बाह्यांचं काहीतरी आणि मोठी ओढणी द्या. जुन्या मस्कतमध्ये अल आलम पॅलेसजवळ शंकराचं देऊळ आहे, तिथे त्यांना नक्की न्या, समुद्रापलीकडे आपल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या जपलेलं देऊळ आहे ते, बघून खूप बरं वाटतं. वादी शाब ही डोंगरातली पाण्याची दरी मात्र त्यांच्यासाठी नाही, दगडांतून बरंच चालावं लागतं. संध्याकाळी मत्राच्या कॉर्निशवर, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर, निवांत बसा.

मत्रा सूकमधून (जुन्या बाजारातून) काय घ्यावं? फसवतील का?

लुबान घ्या! दक्षिण ओमानमधल्या धोफारच्या झाडांचा डिंक आहे हा, निखाऱ्यावर टाकला की घरभर वास. एक खडा उचलून उजेडाकडे धरा, हिरवट-पांढरा आणि आरपार उजेड दिसणारा असेल तर तो वरच्या प्रतीचा, त्याला हौजरी म्हणतात. तपकिरी, मातकट खडे स्वस्त असतात, दुकानदार पहिल्यांदा तेच पुढे करतो, तर दोन्ही शेजारी ठेवायला सांगा, फरक लगेच कळतो. घासाघीस करा पण हसत हसत, तिथे आवाज चढवलेला कोणाला आवडत नाही. दुपारी 1 ते 4 बहुतेक दुकानं बंद असतात, जेवून झोप काढा आणि मग जा.

आणि हो, एक रियाल म्हणजे हजार बैसा आणि आपले दोनशेच्या वर रुपये, त्यामुळे "फक्त पाच रियाल" ऐकलं की आधी मनात गुणाकार करा.

तिथल्या नातेवाईकांना अनारसे नेऊ का?

खसखस लावलेले अजिबात नको. आखाती देशांत खसखशीवरून विमानतळावर लोक अडकलेत. चकल्या, लाडू न्या.