यंत्र आणि राजीनामा, दोन्ही थोडे थांबू द्या

प्रश्न: मी नोकरी सांभाळून संध्याकाळी आणि रविवारी घरी कापडी बॅगा शिवते. दोन दुकानं नियमित माल उचलतात, पैसे ६० दिवसांनी देतात. महिन्याची विक्री आमच्या घरखर्चाच्या निम्मी आहे आणि विक्रीतले शंभरातले ४२ मला सुटतात. माझा पगार घरखर्चाच्या ६० टक्के आहे. एका बॅगेला ८० मिनिटं लागतात, त्यातली ४० शिलाईची. मागणी वाढतेय, पण हात पुरत नाहीत. आमच्याकडे दहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी शिल्लक आहे. त्यातली सहा महिन्यांची रक्कम घालून औद्योगिक शिलाई यंत्र, कापडाच्या कडा शिवणारं ओव्हरलॉक यंत्र आणि कटिंग टेबल घ्यायचं आणि नोकरी सोडायची, असं मनात आहे. यजमान म्हणतात, शिल्लक राहू दे, घर तारण ठेवून कर्ज काढू. काय करावं?

उत्तर: तुमचा धंदा चालेल असं मला मनापासून वाटतं. दुकानदार एकदा कौतुकाने माल घेतो, पण पुन्हा पुन्हा मागतो तेव्हा तो माल विकला जातोय म्हणूनच मागतो. घरून काम सुरू करू पाहणाऱ्या बहुतेकांकडे हा पुरावा नसतो. तरीही शिल्लक यंत्रात घालू नका आणि राजीनामाही तूर्त देऊ नका, असंच मी सांगेन. कारण तुमची अडचण यंत्राची नाही. पैसा परत येण्याच्या वेळेची आहे.

आधी ते ४२ तपासू. तुम्ही पाठवलेल्या खर्चाच्या यादीत कापड, अस्तर, चेन आणि हूक आहेत. दोरा, सुया, वीज, माल पोचवण्याचं भाडं आणि शिलाई उसवली म्हणून परत आलेले नग त्यात नाहीत. हे सगळं मी अंदाजाने ५ धरतो. म्हणजे हाती राहतात ३७. पगाराइतकी कमाई हवी असेल तर विक्री आजच्या सव्वातीन पट व्हायला हवी. शिवाय नोकरीबरोबर विमा आणि निवृत्तीसाठीची भर मिळत असेल तर तीही पगारातच मोजा, म्हणजे हा आकडा आणखी वर जाईल.

आता विक्री सव्वातीन पट झाली असं समजा. कापडाचे पैसे तुम्ही रोख देता. माल आणून, शिवून दुकानात पोचवेपर्यंत पंधरा दिवस जातात आणि पुढे ६० दिवस वाट पाहायची. म्हणजे अडीच महिन्यांचा खर्च कायम बाहेर फिरत राहणार. तेवढ्या विक्रीला ही रक्कम सुमारे अडीच महिन्यांच्या घरखर्चाएवढी होते. त्यातली पाऊण महिन्याएवढी आजच अडकलेली आहे, म्हणजे आणखी पावणेदोन महिन्यांची घालावी लागेल. दहातून यंत्राचे सहा गेले, हे पावणेदोन गेले, उरले सव्वादोन. पगार बंद झाल्यावर आजच्या नफ्यातून घरखर्चाचा जेमतेम पाचवा हिस्सा निघेल. आज तुमच्या पगाराबाहेरचे ४० टक्के यजमानांच्या कमाईतून भागतात असं धरलं, तरी दरमहा जी तूट पडेल ती भरून काढता काढता ही उरलेली शिल्लक साडेपाच महिन्यांत संपेल. विक्री वाढायला त्याहून थोडा जरी जास्त वेळ लागला, तर वहीत नफा दिसत असताना घरात पैसा नसेल. चांगले चाललेले छोटे धंदे मी असेच बंद पडताना पाहिले आहेत, म्हणून इतकं तपशिलात लिहितोय.

घरातून मोठ्या झालेल्या धंद्यांच्या गोष्टी आपण ऐकतो, पण त्यातला हा भाग सहसा कोणी सांगत नाही. १९७६ मध्ये ॲपलला पहिली मोठी ऑर्डर मिळाली ती ५० संगणकांची. दुकानदाराने माल हाती पडताच पैसे देण्याचं कबूल केलं होतं आणि त्याच ऑर्डरच्या जोरावर स्टीव्ह जॉब्ज यांनी सुटे भाग ३० दिवसांच्या उधारीवर मिळवले. पैसे देण्याची वेळ येण्याआधी पैसे मिळणार होते. तुमच्याकडे बरोबर उलटं चाललंय.

यंत्राचंही बघू. ते शिलाई दुप्पट वेगाने करेल हे मान्य. पण ८० मिनिटांपैकी निम्मा वेळ तर मापं टाकणं, कापणं, दोरे काढणं, इस्त्री आणि पॅकिंग यात जातो. शिलाईची ४० मिनिटं २० वर आली तरी बॅगेला ६० मिनिटं लागणारच. तेवढ्याच तासांत तीन बॅगांच्या जागी चार होतील. सहा महिन्यांचा घरखर्च देऊन मिळणार ती एवढीच वाढ. त्यापेक्षा कापणं आणि दोरे काढणं नगावर दुसऱ्या कुणाला द्या. काम वाढलं तरच तो खर्च वाढेल, मागणी घटली की आपोआप थांबेल. कटिंग टेबल मात्र घ्या, ते स्वस्त पडतं आणि वाकून कापण्याने पाठ जाते ती वाचेल. औद्योगिक यंत्र हवंच असेल तर आधी भाड्याने किंवा वापरलेलं बघा. विकायची वेळ आली तर वापरलेल्यात तोटा कमी होतो.

तुमचं खरं काम दुकानदाराशी बोलण्याचं आहे. ऑर्डरबरोबर निम्मी रक्कम आगाऊ मागा. त्याने नकार दिला तर माल पोचताच पैसे देण्यावर २ टक्के सूट देऊ करा. ६० दिवस आधी पैसे मिळवण्यासाठी २ टक्के सोडणं म्हणजे वर्षाला साधारण १२ टक्के व्याज पडतं. हे फुकट नाही, पण पैसा लवकर सुटतो आणि डोक्यावर हप्ता राहत नाही. तो उलट म्हणेल, ‘मोठी ऑर्डर देतो, १० टक्के कमी करा.’ तेव्हा लगेच हो म्हणू नका. ३७ चे २७ राहिले की आजच्याइतकाच नफा मिळवायला ३७ टक्के जास्त बॅगा शिवाव्या लागतील. तेवढे हात तुमच्याकडे आजही नाहीत.

घर तारण ठेवायचं नाही. हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होतो, दुकानदाराचे पैसे येईपर्यंत तो थांबत नाही. यजमानांना तुमच्या कामावर विश्वास आहे हे मोलाचं आहे, पण त्या विश्वासावर राहतं घर पणाला लावू नये.

दहा महिन्यांपैकी सहा वेगळ्या खात्यात टाका आणि धंद्यासाठी त्याला हात लावू नका. दोन महिन्यांची रक्कम कापड आणि उधारीसाठी, धंद्याच्या स्वतंत्र खात्यात. उरलेल्या दोनमधून टेबल आणि नगावरची मजुरी भागेल, तीही हळूहळू. घराच्या विम्यात धंद्याचा माल बसतो का, हे विमा कंपनीला लेखी विचारा. बऱ्याच पॉलिसींत तो बसत नाही.

राजीनाम्यासाठी ऑर्डरींचा आकडा पाहू नका, धंद्याच्या खात्यात जमा झालेला पैसा पाहा. सगळा खर्च जाऊन पगाराच्या निम्मी रक्कम सलग तीन महिने उरली, आणि सहा महिन्यांची राखीव शिल्लक तशीच असली, तर नोकरी सोडायला माझी हरकत नाही. त्याआधी कमी तासांचं काम मिळतं का, हे वरिष्ठांना विचारून बघा. आठवड्याचा एक मोकळा दिवस मिळाला तरी ऑर्डरी वेळेवर जातील. आणि दोन्ही दुकानं ६० दिवसांवरच अडून बसली, तर लवकर पैसे देणारं तिसरं दुकान मिळेपर्यंत नोकरी सोडण्याची तारीख ठरवू नका.