अजगराची अंडी: कात्री कधी घ्यायची?

मित्रा, आधी धीर धर. बहुतेक वेळा अंडी कापावी लागतच नाहीत. कवच चिरायला पिल्लाच्या तोंडाशी बारीक दात असतो, ते काम त्याचं त्याला करू दे.

बॉल पायथनची (घरी पाळतात त्या आफ्रिकी अजगराची) अंडी ३१-३२ अंश सेल्सिअसला साधारण ५५ ते ६० दिवसांत फुटतात. पण नुसते दिवस मोजून कात्री हातात घेऊ नकोस. पहिल्या अंड्याला चीर पडली की तिथून दोन दिवस थांब. तरीही एखादं तसंच राहिलं, तर टॉर्च लावून शिरा टाळ आणि वरच्या बाजूला लहानशी फट कर. तेवढंच.

नवखे इथे चुकतात:
- शेवटी अंडी खोलगट होतात, ते बघून घाबरतात. ते होणारच.
- तोंड दिसलं की पिल्लू ओढून काढतात. हे कधीच नको! आत बलक शोषला जात असतो. ते एक-दोन दिवस आतच बसतं.

घणसोलीत मे महिन्यात वीज गेलीच, तर इन्क्युबेटरसाठी इन्व्हर्टर आजच बघून ठेव. कात्रीपेक्षा तो महत्त्वाचा. पिल्लांची नोंद परिवेश पोर्टलवर (केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर) करायची. आणि ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातल्या आपल्या रानटी, देशी अजगराची अंडी कुठे सापडली, तर हात न लावता वनविभागाला कळव.