मासे मोजायला पदवी कशाला?

ओरेगनमधल्या बीव्हर्टनहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी अकरावीत आहे. वर्गाबरोबर कोलंबिया नदीवरच्या बॉनव्हिल धरणावर जाऊन आली आणि तेव्हापासून एकच धोशा लावलाय, ‘मला हेच काम करायचंय.’ आईबाबा दोघंही आयटीत, मूळचे रत्नागिरीचे. ग्रीन कार्ड झालेलं आहे. बाबांचा सवाल असा: “धरणावर मासे मोजायचे आणि काठावर गळ टाकून बसलेल्यांना ‘आज काय मिळालं’ म्हणून विचारत फिरायचं, याला चार वर्षांची पदवी कशाला?”

सस्नेह नमस्कार,

बाबांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते.

तुमच्या लेकीनं काचेतून पाहिला तो चिनूक जातीचा सामन (सॅमन) मासा. वसंतात समुद्रातून नदीत शिरणारा हा मासा अंडी घालतो थेट उन्हाळा सरताना, वरच्या उपनद्यांत. तोवर काही खात नाही, अंगातल्या चरबीवर निभावतो. म्हणून तो चवीला उजवा आणि म्हणूनच त्याच्यासाठी गळवाल्यांची झुंबड. पण हॅचरीत, म्हणजे माशांच्या पैदास केंद्रात, वाढवून सोडलेल्या माशांबरोबर त्याच पाण्यातून कोलंबियाची उपनदी स्नेक हिचे रानटी चिनूकही वर चढत असतात आणि त्यांना १९९२पासून कायद्याचं संरक्षण आहे. मग मासेमारी किती दिवस खुली ठेवायची? हे ठरतं मोजणीवरून.

बॉनव्हिलला १९३८पासून मासे मोजले जातात. माशांना वर चढायला बांधलेल्या पायऱ्यांच्या वाटेत खिडकी आहे. तिच्यासमोर बसून जात ओळखायची, पूर्ण वाढलेला की लहान ‘जॅक’ ते पाहायचं आणि नोंद करायची. पण हे धरण समुद्रापासून सुमारे २३५ किलोमीटर आत आहे. त्याच्या खालीच जे मासे गळाला लागले ते खिडकीपर्यंत पोचतच नाहीत. धरणाखाली पकडलेले मासे धरणावरच्या आकड्यात मिळवल्याशिवाय त्या वर्षी वरच्या खोऱ्याकडे किती मासे निघाले होते ते कळतच नाही. काठावर विचारत फिरणारी ती मुलगी हिशेबाचा हा अर्धा भाग गोळा करत असते.

आता ते काम जवळून बघा. मार्चमधली पावसाळी दुपार, बोटी काठाला लागतायत. किती जण होतात, किती तास गळ टाकला, किती ठेवले, किती सोडले? मग माशाची लांबी घ्यायची, शेपटीजवळचा पाठीवरचा छोटा मांसल पर कापलेला आहे का ते पाहायचं. कापलेला असेल तर मासा हॅचरीचा, तो ठेवता येतो. अख्खा असेल तर गळवाल्यानं तो लगेच पाण्यात परत सोडायचा असतो. नाकाडात बारीक तारेची खूण आहे का ते यंत्र फिरवून तपासायचं, वय काढायला दोन-चार खवले पाकिटात घालायचे. तिकडे विमानातून बोटी मोजल्या जातात आणि दोन्हींवरून एकूण किती मासे पकडले याचा अंदाज बांधला जातो. सोडलेल्यांतले काही नंतर दगावतात, तेही हिशेबात धरतात. म्हणून ‘किती सोडले’ याचं खरं उत्तर मिळणं फार मोलाचं. दिवसभर भिजून रिकाम्या हातानं परतलेला माणूस खरं बोलेल की नाही, हे विचारणारीच्या वागण्यावर पुष्कळ अवलंबून असतं. मला हे कौशल्य आकडेमोडीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

हंगामाआधीचा अंदाज चुकू शकतो, म्हणून सुरुवातीला ३० टक्के हात राखून परवानगी देतात आणि मे महिन्यात धरणावरचे आकडे पाहून अंदाज सुधारतात. या आकड्यांवर गळवाल्यांचाच नव्हे, १८५५च्या करारांनी हक्क राखलेल्या यकामा, नेझ पर्स, युमाटिला आणि वॉर्म स्प्रिंग्ज या चार आदिवासी राष्ट्रांचा वाटाही ठरतो. इतक्या जणांसमोर टिकेल असा आकडा काढायचा, तर पदवी लागते.

(पहिल्या पावसात, वलगणीला, शेतात चढणारे मासे बाबांनी पाहिले असतीलच. तेही अंडी घालायलाच चढतात, हे लेकीला जरूर सांगा.)

आता व्यवहाराचं. पगार आयटीच्या जवळपासही जाणार नाही, हे आत्ताच मान्य करा. सुरुवातीच्या नोकऱ्या बहुतेक हंगामी असतात. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांना सहसा नागरिकत्व लागतं. राज्याच्या मत्स्य विभागांत आणि आदिवासी राष्ट्रांच्या मत्स्य विभागांतही संधी असतात. कॉर्व्हालिसच्या ओरेगन स्टेट विद्यापीठात मत्स्य, वन्यजीव आणि संवर्धन विज्ञानाची पदवी आहे. ग्रेशमच्या माउंट हूड कम्युनिटी कॉलेजचा दोन वर्षांचा फिशरीज टेक्नॉलॉजीचा अभ्यासक्रम तंत्रज्ञ व्हायला चांगला. पण तिला पुढे जीवशास्त्रज्ञ व्हायचं असेल तर पदवीच धरा, आणि एम.एस.चीही तयारी ठेवा.

शाळेत असतानाच अमेरिकन फिशरीज सोसायटीच्या हटन कार्यक्रमाला तिनं अर्ज करावा. उन्हाळ्यात मार्गदर्शकाच्या हाताखाली प्रत्यक्ष काम मिळतं. बारावीला संख्याशास्त्र घ्यायला लावा, हा माझा आग्रह आहे. मासे आवडतात म्हणून येणारी पुष्कळ मुलं नमुना निवड आणि त्रुटीच्या हिशेबापाशी अडखळतात.

आणि तुम्हा दोघांकडून एकच मागते. पदवीनंतरची पहिली दोन-तीन वर्षं दोन हंगामांच्या मधल्या महिन्यांत तिला घरी राहू द्या. या क्षेत्रात घरभाडं झेपत नाही म्हणून हुशार मुलांना काम सोडावं लागतं, आणि तुमचं घर तर धरणापासून तासाभरावर आहे.