बुद्धी नको म्हणते तेव्हा

आपल्या चर्चामंडळात नवा आहेस, म्हणून आधी हा फरक धर: हिशेबाविरुद्ध वागणं म्हणजे बुद्धीविरुद्ध वागणं नव्हे. २ मार्च १९३० ला आपल्या नाशकात दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दार उघडायची चिन्हं नव्हती, मार बसणार हे दिसत होतं, तरी लोक वर्षानुवर्षं लढत राहिले. यात अविचार कुठे आहे? हरायची शक्यता दिसली म्हणून न्याय्य काम चुकीचं ठरत नाही.

खरा पेच वेगळा आहे: चुकीचं आहे हे कळत असूनही माणूस ते करतो का? सॉक्रेटिस म्हणे, चांगलं काय ते कळल्यावर कुणी जाणूनबुजून वाईट करत नाही. ॲरिस्टॉटलला हे अनुभवाशी विसंगत वाटलं, मलाही वाटतं. फवारणीनंतर काढणीला किती दिवस थांबायचं, हे द्राक्षवाल्याला पक्कं माहीत असतं. तरी भाव चढला की एखादा घाई करतोच. हे मला मुळीच मान्य नाही, कारण किंमत द्राक्षं खाणारी पोरं मोजतात. परीक्षेच्या आदल्या रात्री मित्रासाठी दवाखान्यात जागलास, तर मात्र मी हरकत घेणार नाही. नुकसान तुझं, आणि ते तू पत्करलंस.

तेव्हा ‘मनानं घेतलं म्हणून केलं’ एवढ्यावर चर्चेत थांबू नकोस. झळ कुणाला बसली, तेही सांग.